पाणी ओळखणारी भांडी

नृसिंहवाडीला येणारा माणूस देवळाआधी पाण्यापाशी पोचतो. शिरोळ तालुक्यातल्या या गावाजवळ कोल्हापूरकडून येणारी पंचगंगा कृष्णेला मिळते आणि संगमाच्या काठावर, औदुंबराच्या सावलीत, नृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुका आहेत. त्यांनी इथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि मग ते गाणगापूरला गेले, असे परंपरा सांगते. आजही इथला दिवस पाण्यावाचून पुढे सरकत नाही. पहाटेचे स्नान, काठावरचे आचमन, पादुकांवरचा अभिषेक, हातावर मिळणारे तीर्थ, घरी न्यायचे कृष्णेचे पाणी, सगळीकडे पाणीच. आणि या प्रत्येक कामासाठी एक वेगळे भांडे आहे.

ही भांडी आपण इतकी पाहिलेली असतात की त्यांचे आकार विचित्र आहेत हे लक्षातच येत नाही. पळीचा खोलगट भाग एवढासा आणि दांडा मात्र वीतभर का? ताम्हन इतके उथळ का? तांब्याला कान नाही, तोटी नाही, तरी पाणी नीट कसे पडते? अभिषेकपात्राला बुडाशी मुद्दाम भोक कशासाठी? स्वयंपाकघरातल्या आणि पंगतीतल्या अफलातून रचनांची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी दुकानांतल्या चमकदार वस्तू येतात. पण वाडीच्या घाटावर आणि तिथल्या मिठाईच्या भट्टीवर जी भांडी रोज वापरली जातात, त्यांत भरपूर कल्पकता साठलेली आहे. पाणी किती पडावे, कधी थांबावे, कुठे साठावे आणि कधी उडून जावे, हे ती भांडी आपल्या आकारातूनच ठरवतात. मला ही कल्पकता फार मोलाची वाटते, कारण तिच्यात सुंदर दिसणे आणि उपयोगी असणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

उडीद बुडेल एवढे पाणी

सुरुवात सर्वांत लहान भांड्यापासून करू. आचमनाला पाणी किती घ्यावे याचे जुने माप आहे: तळहातावर उडदाचा दाणा बुडेल एवढे. हे माप प्रत्येक वेळी डोळ्यांनी ठरवायचे म्हटले तर चुकणारच. म्हणून ते काम पळीकडे सोपवलेले आहे. पळीचा खोलगा मुद्दाम लहान आणि उथळ असतो. त्यात जास्त पाणी मावतच नाही. दांडा लांब असतो, कारण पंचपात्री उभट असते आणि तळाचे पाणी घेताना बोटे पाण्यात बुडता कामा नयेत. दांड्याच्या टोकाला बहुधा नागाची फणी असते किंवा टोक मागे वळवलेले असते. ती नक्षी तर आहेच, पण ओल्या बोटांतून गुळगुळीत तांबे निसटू नये म्हणून तिथे पकडही मिळते.

पंचपात्री सरळ उभ्या भिंतींची असते आणि तिचा काठ बाहेर वळवलेला असतो. उभ्या भिंतींमुळे पाणी कमी झाले तरी पळी बुडवायला खोली मिळते. बाहेर वळलेल्या काठामुळे पातळ पत्रा ताठ राहतो आणि भांडे दोन बोटांनी उचलता येते. ताम्हनाची गरज नेमकी उलट. त्यात पाणी सोडायचे असते, काढायचे नसते. म्हणून ते पसरट आणि उथळ. रुंद, सपाट काठाला आतल्या बाजूला उतार असतो, त्यामुळे काठावर पडलेला थेंबही मध्याकडे ओघळतो. संकल्प सोडताना हात ताम्हनावर कुठेही असला तरी पाणी जमिनीवर सांडत नाही.

पळी पाणी मोजते, पंचपात्री धरून ठेवते आणि ताम्हन गोळा करते. तिन्ही एकत्र ठेवली की पाण्याचा एक पूर्ण प्रवास होतो. आजच्या रचनाकारांच्या भाषेत याला संच म्हणतील. आपल्याकडे मुंजीत बटूला ही तीन भांडी मिळतात आणि ती कशी वापरायची हे वेगळे शिकवावे लागत नाही. आकारच हाताला सांगतो.

कान नसलेला तांब्या

1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून एक छोटा अहवाल लिहिला. खुर्च्यांच्या रचनेसाठी जगभर नावाजलेल्या या दोघांना भारतात सर्वांत थोर वाटलेली वस्तू होती लोटा, म्हणजे आपला तांब्या. हे भांडे नव्याने रचायचे झाले तर काय काय विचारात घ्यावे लागेल याची मोठी यादीच त्यांनी दिली. त्यात किती पाणी मावावे, बायकांचे, पुरुषांचे आणि मुलांचे हात केवढे असतात, भांडे कमरेवर नेणार की डोक्यावर, भरलेले आणि रिकामे असताना तोल कसा राहील, हाताला उन्हात कसे लागेल, आपटले तर आवाज कसा येईल, किंमत किती पडेल, मोडीला काय मिळेल, अशा गोष्टी होत्या. एवढ्या प्रश्नांची उत्तरे एकटा माणूस देऊ शकणार नाही. तांब्या पिढ्यान्‌पिढ्या, असंख्य हातांनी थोडा थोडा घडवला, हा त्यांचा निष्कर्ष होता. याच अहवालाच्या आधारावर 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली.

तांब्याच्या आकाराचे गुपित त्याच्या गळ्यात आहे. पोट फुगीर, गळा आवळलेला, ओठ पुन्हा बाहेर वळलेला. गळ्याभोवती बोटे बसतात आणि वरचा ओठ बोटांना अडवतो, म्हणून ओल्या हातातूनही भरलेला तांब्या घसरत नाही. वजन सगळे हाताच्या खाली लोंबते, त्यामुळे मनगटावर पीळ पडत नाही. कानाची गरजच उरत नाही. कान नसल्यामुळे तो कुठल्याही बाजूने धरता येतो आणि राखेने किंवा चिंचेने घासताना मळ अडकायला सांदी मिळत नाही.

आता ओतणे पाहा. अरुंद तोंडाची सुरई किंवा बाटली एकदम उलटी केली की बुडबुड असा आवाज येतो आणि पाणी धक्क्याधक्क्याने पडते. बाहेर पडणाऱ्या पाण्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते आणि एकाच चिंचोळ्या वाटेने दोघांना जायचे असते. तांब्याचे तोंड पुरेसे रुंद असल्यामुळे खालून पाणी आणि वरून हवा अशा दोन वाटा एकाच वेळी मोकळ्या राहतात. धार अखंड पडते. पातळ, बाहेर वळलेल्या ओठावरून ती स्वच्छ सुटते आणि भांड्याच्या अंगावरून मागे ओघळत नाही. ओठ न लावता वरून पाणी पिण्याची आपली पद्धत या अखंड धारेवरच उभी आहे. एका तांब्यातून दहा जण प्यायले तरी कुणाचे उष्टे कुणाला नाही.

त्यावर पालथे घातलेले फुलपात्र ही आणखी एक सुंदर युक्ती. ते झाकण आहे आणि पेलाही आहे. पाहुण्यासमोर तांब्या-भांडे ठेवले की पाणी झाकलेलेही असते आणि पेला शोधायलाही लागत नाही. दोन वस्तू मिळून एकाच वस्तूएवढी जागा घेतात.

यात्रेकरूची अडचण मात्र निराळी. वाडीहून गाणगापूर, तिथून पंढरपूर असा प्रवास करणाऱ्याला उघड्या तोंडाचा तांब्या चालणार नाही. त्याच्यासाठी फिरकीचा तांब्या तयार झाला. त्याच्या गळ्याला आतून आटे पाडलेले असतात आणि झाकण फिरवून घट्ट बसवायचे. त्यात रबर नाही की बूच नाही. पितळेवर पितळ इतके नेमके बसते की तांब्या आडवा झाला तरी पाणी गळत नाही. काहींच्या झाकणालाच कडी असते, म्हणजे झाकण हेच धरण्याचे साधन बनते आणि भरलेल्या तांब्याचे सगळे वजन त्या आट्यांवर तोलले जाते. आट्यांची ही जोडी किती काटेकोर असावी लागत असेल ते यावरून लक्षात येते. प्लॅस्टिकची बाटली घरोघरी येण्याआधी मराठी कुटुंबांच्या रेल्वे प्रवासात हाच तांब्या सोबत असे. याच गरजेचे टोकाचे रूप म्हणजे गंगेचा गडू. पाणी भरून तोंड झाळून कायमचे बंद केलेला लहानसा तांब्याचा गोळा. तो वर्षानुवर्षे उघडायचाच नसतो, म्हणून त्याला तोंडच ठेवलेले नाही.

पंचगंगेकाठचा रोमन चंबू

तांब्याला कान नाही ही गोष्ट किती वेगळी आहे, हे याच नदीच्या वरच्या अंगाला, कोल्हापुरात समजते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944च्या सुमारास प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली झालेल्या खोदकामात धातूच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. पुढे 1945-46 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहन काळातले हे नगर. साठ्यात समुद्रदेव पोसायडनची ग्रीक शैलीतली छोटी मूर्ती होती आणि तिच्यासोबत भारतीय घडणीची भांडी आणि रोमन जगातून आलेले ब्राँझचे चंबूही होते. पोसायडन आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे.

रोमन चंबूला उंच, वळणदार कान असतो. त्यातून मद्य ओतायचे असे आणि ते पेल्यात ओतायचे असे. ओतणारा सेवक एका बाजूला उभा राहून मनगट वाकवी. त्यासाठी कान हवाच. आपल्याकडे पाणी ओंजळीत, तोंडात, पायांवर, तुळशीत आणि देवावर ओतले जाते. धरणाऱ्याचा हात दर वेळी वेगळ्या कोनात वळतो. त्याला एकाच बाजूचा कान अडचणीचा ठरला असता. दोन हजार वर्षांपूर्वी एकाच साठ्यात हे दोन प्रकार शेजारी शेजारी होते. कोल्हापूरच्या लोकांनी परदेशी भांडी जपून ठेवली, पण रोजच्या वापरातल्या भांड्याला कान लावला नाही. वस्तू आयात होते, वापरण्याची रीत सहजी आयात होत नाही, हे मला या साठ्यातून कळलेले सर्वांत महत्त्वाचे सत्य वाटते.

मुद्दाम पाडलेले भोक

भांड्याला भोक पडले की ते मोडीत जाते. अभिषेकपात्र मात्र भोकामुळेच भांडे ठरते. महादेवाच्या पिंडीवर टांगलेले हे तांब्याचे पात्र खाली निमुळते होत जाते आणि टोकाशी बारीक छिद्र असते. छिद्रात दर्भाची काडी किंवा सुताची वात घालतात. वात पाण्याची वाट थोडी अडवते आणि धारेला खाली उतरायला दोरीही देते, त्यामुळे पाणी वाऱ्याने इकडेतिकडे न उडता नेमके पिंडीवर पडते. वात जाड केली की थेंब, बारीक केली की धार. नळाची चावी नसताना प्रवाह कमीजास्त करण्याची ही पद्धत आहे.

यात एक सूक्ष्म अडचण लपलेली आहे. छिद्रातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. सतराव्या शतकात इटलीच्या तोरिचेल्लीने याचा नियम मांडला: उंची चौथाईवर आली की वेग निम्मा होतो. म्हणून भरलेल्या पात्रातून पाणी जोरात येते आणि ते संपत आले की मंदावते. अभिषेक चालू असताना पुजारी वरून पुन्हा पुन्हा पाणी घालतात. त्यामुळे पातळी फार उतरत नाही आणि धार एकसारखी राहते.

वेळ मोजायची असेल तर मात्र अशी बदलणारी धार चालत नाही. यावर आपल्या ज्योतिषांनी फार चतुर उपाय काढला. त्यांनी पाणी भांड्याबाहेर सोडण्याऐवजी आत घेतले. घटिकापात्र म्हणजे अर्धगोलाकार, पातळ तांब्याची वाटी. बुडाला सुईएवढे छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि एका घटकेत, म्हणजे 24 मिनिटांत, वाटी बुडते. दिवसरात्रीत ती 60 वेळा बुडावी असे सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. इथे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक मुख्यतः वाटीच्या वजनावर ठरतो आणि ते वजन तर बदलत नाही. त्यामुळे आत येणाऱ्या पाण्याचा वेग टपकणाऱ्या पात्राइतका ढळत नाही. मनगटावरची घड्याळे येण्याआधी लग्नघरी जोशीबुवा मुहूर्त याच वाटीवर धरीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा अनेकांना ठाऊक असेल: वेषातला मोती घरंगळून छिद्रात बसला आणि मुहूर्त टळला. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्याला या भांड्याचे मर्म पक्के माहीत होते. सगळा हिशेब त्या एका छिद्रावर चालतो.

पाय लागताच ओसरणारे पाणी

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाढत वाढत वाडीच्या देवळात शिरते. उत्तरेकडून आलेले पाणी पादुकांवरून वाहत जाऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला दूरदूरचे लोक येतात. पाणी आणखी चढले की देवळात राहणे शक्य नसते. मग उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. 2005 आणि 2019च्या महापुरांनी या परिसराला किती सोसावे लागले ते शिरोळ तालुका विसरलेला नाही. तरीही नदीचे देवाच्या पायांपर्यंत येणे इथे सोहळा मानले जाते.

पाणी चढते, पायाला लागते आणि वाट काढून निघून जाते, ही कल्पना एका भांड्यातही उतरलेली आहे. उत्तरेत, मथुरेकडच्या पितळकामात, वसुदेव प्याला बनतो. पेल्याच्या मध्यभागी बाळकृष्णाला घेतलेल्या वसुदेवाची छोटी मूर्ती असते. पेल्यात पाणी ओतत जा. ते वसुदेवाच्या गुडघ्यापर्यंत येते, कमरेपर्यंत येते, काहीच होत नाही. पण बाळाच्या पायाला पाणी लागले की ते आपोआप ओसरू लागते आणि पेला जवळजवळ रिकामा होईपर्यंत थांबत नाही. यमुनेने कृष्णाच्या पायाला स्पर्श करून वाट दिली, ती कथा प्रत्येक वेळी हातातल्या भांड्यात घडते.

यामागे वक्रनलिका आहे. मूर्तीच्या आत एक वाकडी नळी लपवलेली असते. तिचे एक तोंड पेल्याच्या तळाशी उघडते, तिथून ती बाळाच्या पायाच्या उंचीपर्यंत वर चढते, वळते आणि खाली उतरून पेल्याच्या बुडातून बाहेर पडते. पाणी वळणाच्या खाली असेपर्यंत नळीतही त्याच पातळीला थांबते. वळण ओलांडले की नळी पूर्ण भरते. मग बाहेरच्या, जास्त लांब बाजूतल्या पाण्याचे वजन आतल्या बाजूपेक्षा भारी पडते आणि हवेचा दाब मागचे पाणी पुढे ढकलत राहतो. पातळी वळणाखाली गेली तरी प्रवाह तुटत नाही. आतल्या तोंडाशी हवा शिरली की मगच तो थांबतो.

ग्रीसमध्ये असाच पेला पायथागोरसच्या नावाने ओळखला जातो. तिथली शिकवण अशी, की लोभाने पेला काठोकाठ भरणाऱ्याचे सगळेच मद्य वाया जाते. चीनमध्येही याच तत्त्वावरचे पेले आहेत. तत्त्व एकच, पण प्रत्येकाने त्यात आपली गोष्ट घातली. ग्रीकांनी मर्यादेचा धडा घातला, आपण नदीची भक्ती घातली. आणि ही करामत आता आपल्या घरातही आहे. कपडे धुण्याच्या स्वयंचलित यंत्रात कपडे मऊ करणारे द्रव घालायचा जो कप्पा असतो, त्यात बहुधा अशीच वक्रनलिका असते. म्हणून तिथे खुणेच्या वर द्रव भरला तर ते वेळेआधीच निघून जाते.

पाणी घालवणारी कढई

आतापर्यंतची भांडी पाणी सांभाळणारी होती. वाडीच्या मिठाईवाल्यांना मात्र पाणी घालवायचे असते. इथली बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय यात्रेकरू परतत नाही. म्हशीच्या दुधात सुमारे 83 टक्के पाणीच असते. बासुंदीसाठी दूध निम्म्याहून खाली आणायचे आणि पेढ्याच्या खव्यासाठी साधारण पाचव्या हिश्श्यावर. म्हणजे मिठाईवाल्याचे मुख्य काम दूध न करपवता त्यातले पाणी वाफ करून उडवणे.

कढईचा आकार याच कामासाठी आहे. वाफ फक्त वरच्या पृष्ठभागावरून निघते, म्हणून तोंड शक्य तितके पसरट. तळ गोल, कारण सपाट तळाच्या पातेल्यात कडेला कोपरे राहतात, उलथणे तिथे पोचत नाही आणि दूध तिथेच लागते. गोल तळावर लांब दांड्याचे उलथणे एका झोक्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते. शिवाय बाजू वरवर उघडत जातात. दूध उकळताना साय आणि प्रथिने वाफेचे बुडबुडे अडवून धरतात आणि फेस वर चढतो. उभ्या भिंतींच्या पातेल्यात तो सरळ वर येऊन उतू जातो. कढईत मात्र तो जसजसा वर येतो तसतशी त्याला जास्त जागा मिळते, तो पसरतो, पातळ होतो आणि फुटतो. कडेला चिकटलेली साय खरवडून पुन्हा दुधात घालतात, तिच्यामुळे बासुंदी दाट आणि रवाळ होते. तेव्हा उघडत जाणारी बाजू ही सायीची शेतीही आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला घरचा दूध कुकर. त्याला दुहेरी भिंती असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी घालायचे. विस्तव दुधाला थेट लागतच नाही. उघड्या दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही, म्हणून दूध करपत नाही. पाण्याची वाफ झाली की शिटी वाजते. दूध तापवायला हे उत्तम साधन, पण त्यात बासुंदी होणार नाही, कारण बासुंदीला लागणारा जोरदार उकळा त्यात येत नाही. दोन्ही भांडी दुधाचीच, पण एकाला दूध आहे तसे राखायचे आहे आणि दुसऱ्याला ते बदलायचे आहे. आकार बरोबर आहे की चूक, हे काम ठाऊक असल्याशिवाय सांगताच येत नाही.

धातूचा वाटा

आकाराइतकाच धातूही रचनेचा भाग आहे. तांबे उष्णता झटकन पसरवते आणि ठोकून हवे तसे वळते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीने भांडी घडवली जातात. अंगावर दिसणारे एकसारखे ठोके, ज्याला मठारकाम म्हणतात, ते केवळ शोभेचे नाहीत. ठोकल्याने मऊ तांबे कठीण होते, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही सहज चेपत नाही.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवण्याच्या सवयीला प्रयोगशाळेचा दुजोराही मिळाला आहे. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यात मुद्दाम सोडलेले पटकी आणि हगवण यांसारख्या रोगांचे जिवाणू पुन्हा सापडले नाहीत. यावरून कुठलेही पाणी तांब्यात ठेवले की पिण्याजोगे होते असा अर्थ काढू नये. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर आहे आणि कारखान्यांतून किंवा शेतातून येणारी रसायने तांबे काढून टाकत नाही. ते काम गावोगावच्या शुद्धीकरणानेच व्हायला हवे.

आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात, म्हणून आतून कल्हई करतात. कथील 232 अंशांवर वितळते, तांबे 1085 अंशांवर. या मोठ्या फरकामुळे कल्हईवाला भांडे निखाऱ्यांवर तापवून, नवसागराने मळ घालवून, कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील क्षणात पसरवू शकतो. झिजली की पुन्हा कल्हई. भांडे टाकायचे नाही, त्याची आतली कातडी बदलायची, हा विचार त्यात मुळापासून आहे.

विचित्रपणाची परीक्षा

जगात मुद्दाम विचित्र भांडीही बनतात आणि त्यांचीही थोरवी आहे. जाक कारेलमान या फ्रेंच कलावंताने 1969 साली अशक्य वस्तूंचा एक सूचिग्रंथ काढला. त्यातली एक कॉफीची किटली प्रसिद्ध आहे: तिची तोटी आणि कान एकाच बाजूला. ओतायला गेले की कॉफी ओतणाऱ्याच्याच हातावर. रचनेचा विचार कसा चुकू शकतो हे ती किटली एका नजरेत शिकवते. फिलिप स्टार्कने 1990 साली आलेसी या इटालियन कंपनीसाठी तीन उंच पायांचा लिंबू पिळायचा यंत्रप्राणी रचला. तो लिंबे पिळण्यापेक्षा घरात बोलणे सुरू करून देण्यासाठी आहे, असे त्याने सांगितल्याचे म्हणतात. तो आज संग्रहालयांत आहे आणि असायलाही हवा. पाहणाऱ्याला थांबवणे हेही एक कामच आहे.

आपल्याकडे पाहणाऱ्याला थांबवणे आणि काम करणे एकाच वस्तूत येते. ते बघायचे असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी 1920च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ तो उभा केला. 1975 मध्ये तो सगळा महाराष्ट्र शासनाला दिला. तिथले अडकित्ते पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पक्षी, घोडा, माणसाची जोडी असे कितीतरी आकार, पण प्रत्येकात बिजागरी टोकाला, पाते तिच्याजवळ आणि मुठी लांब. तरफेचा नियम कारागिराने कुठेही मोडलेला नाही. मोराची मान कितीही डौलदार असो, सुपारी फुटलीच पाहिजे.

ही परीक्षा आपण प्रत्येक वस्तूला लावू शकतो. नवीन भांडे घेताना ते हातात धरावे, पाणी भरावे, ओतावे, ओल्या हाताने धरून पाहावे आणि घासून पाहावे. धार मागे ओघळते का, काठ बोचतो का, तळाशी हात पोचतो का, चेपले तर दुरुस्त होईल का आणि मोडीत काय मिळेल, हे विचारावे. जे भांडे या प्रश्नांना उत्तर देते ते कितीही वेगळे दिसो, ते चांगले आहे. आणि घरात फिरकीचा तांब्या, घंगाळ, अडकित्ता पडून असेल तर तो मोडीत घालण्याआधी कल्हईवाल्याला किंवा तांबटाला दाखवावा. ही कौशल्ये काम मिळत राहिले तरच टिकतात. आपल्याकडच्या रचनेच्या विद्यार्थ्यांनीही परदेशी सूचिग्रंथांबरोबर वाडीच्या घाटावरची पळी आणि भट्टीवरची कढई मोजून, चितारून, वापरून पाहावी. असंख्य अनाम हातांनी सोडवलेली उत्तरे तिथे उघड्यावर ठेवलेली आहेत. त्यांच्यावर नवे काही उभे करायचे असेल तर आधी ती वाचता आली पाहिजेत.